यादीतले वय

२०२३ च्या जानेवारीत माझी नोकरी गेली. सकाळी पावणेसातला लॅपटॉप उघडला तेव्हा कंपनीच्या खात्याचे दार बंद झालेले होते आणि खाजगी ईमेलवर ३१ पानांची एक फाइल येऊन पडली होती. तिच्यात सेव्हरन्सचा, म्हणजे नोकरी जाताना मिळणाऱ्या रकमेचा, करार होता, विम्याचे तपशील होते, लॅपटॉप परत पाठवण्याच्या सूचना होत्या आणि अगदी शेवटी दोन पानांची एक यादी होती. यादीत एकही नाव नव्हते. पहिल्या रकान्यात हुद्दा, दुसऱ्यात वय, तिसऱ्यात त्या हुद्द्याच्या आणि त्या वयाच्या किती जणांना काढले आणि चौथ्यात किती जणांना ठेवले. 'प्रिन्सिपल इंजिनिअर, ५०, काढले १, ठेवले ०' ही ओळ माझी होती.

ही यादी म्हणजे कंपनीची मेहेरबानी नव्हे. चाळीस आणि त्यापुढच्या वयाच्या कर्मचाऱ्यांशी वयावरून भेदभाव करायला अमेरिकेत १९६७ च्या कायद्याने बंदी आहे. आणि १९९० च्या दुरुस्तीप्रमाणे, एकगठ्ठा कपात करताना या कायद्याखाली दावा लावणार नाही अशी सही कंपनीला हवी असेल, तर तिला ही यादी द्यावी लागते, विचार करायला ४५ दिवस द्यावे लागतात, आणि सही झाल्यावरही ७ दिवसांपर्यंत ती मागे घेता येते. त्या ४५ दिवसांतला पहिला रविवार मी पेन्सिल घेऊन मोजणीत घालवला. आमच्या विभागात ५८ जण होते. चाळिशीपुढचे १९, त्यांतले ११ गेले. चाळिशीच्या आतले ३९, त्यांतले ४ गेले.

वकिलाने शांतपणे सांगितले की एवढ्यावरून फार काही सिद्ध होत नाही. २००९ च्या एका निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालची पुराव्याची पायरी उंच करून ठेवली आहे: वय हे अनेक कारणांपैकी एक होते असे दाखवून भागत नाही, वय नसते तर हा निर्णय झालाच नसता असे दाखवावे लागते. पगार जास्त म्हणून काढले, असे कंपनीने म्हटले की गाडी तिथेच अडते. पगार आणि वय हातात हात घालून वाढतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण कायद्याच्या नजरेत त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी सही केली. घराचे हप्ते होते, मुलीचे कॉलेजचे शेवटचे वर्ष होते, आणि सेव्हरन्सची रक्कम नाकारण्याइतकी ऐपत माझी नव्हती.

या विषयावर इकडच्या मराठी मंडळींत जे बोलले जाते त्यात मला सतत काहीतरी निसटताना दिसते, म्हणून हे लिहिते आहे. एक बाजू म्हणते, एच-वन-बी, म्हणजे परदेशी कुशल कामगारांचा, कंपनीने मागायचा आणि तिच्याच नावावर राहणारा व्हिसा, बंद करा म्हणजे सगळे सुरळीत होईल; हे म्हणणाऱ्यांत स्वतः एच-वन-बीवर आलेले आणि आता नागरिक झालेले पुष्कळ जण आहेत. दुसरी बाजू म्हणते, जुन्या लोकांनी नवे काही शिकायचे टाळले, त्याला कंपनी काय करणार. मी १९९९ मध्ये एच-वन-बीवरच आले, २६ वर्षांची होते, आणि तेव्हा मला पसंती का मिळाली हे मला आज चांगले कळते. मला जास्त येत होते म्हणून ती मिळाली नव्हती. मी स्वस्त होते, तरुण होते आणि बांधलेली होते.

आधी पगाराबद्दल, कारण तिथे गैरसमज सर्वांत जास्त आहेत. व्हिसावरच्या माणसाला त्याच कामासाठी सर्रास कमी पगार दिला जातो हे सरधोपट विधान मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा खरे ठरत नाही. माझ्या हाताखालच्या एच-वन-बीवरच्या मुलांना त्यांच्याच वयाच्या अमेरिकन मुलांइतकाच पगार मिळत असे, आणि तो चांगला होता. मेख 'त्यांच्याच वयाच्या' या शब्दांत आहे. कायद्याला हवे असते ते प्रचलित वेतन, आणि त्याच्या चार पायऱ्या आहेत. त्या भागात त्या व्यवसायात काम करणाऱ्यांचे पगार चढत्या क्रमाने मांडले, तर शंभरातल्या साधारण सतराव्याचा पगार ही पहिली पायरी, चौतिसाव्याचा दुसरी, पन्नासाव्याचा तिसरी आणि सदुसष्टाव्याचा चौथी. कोणती पायरी लागू होणार हे ठरते पदासाठी किती शिक्षण, किती अनुभव आणि किती देखरेख लागते यावरून, आणि पद कसे लिहायचे हे कंपनीच्या हातात असते. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१९ या आर्थिक वर्षात मंजूर झालेल्या एच-वन-बी पदांपैकी ६० टक्के पदे खालच्या दोन पायऱ्यांवर, म्हणजे स्थानिक मध्यम पगाराच्या खाली होती. वीस वर्षे काम केलेल्या माणसाचे पद रद्द करून त्याच टीममध्ये दोन वर्षांच्या अनुभवाचे पद तयार केले, तर कागदोपत्री कुणालाही कमी पगार दिलेला नसतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथले निवृत्त प्राध्यापक नॉर्मन मॅटलॉफ हे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत: व्हिसाच्या वादाच्या मुळाशी वयाचा प्रश्न आहे. मला हे पटायला माझी स्वतःची पन्नाशी यावी लागली, याचे वाईट वाटते.

नव्या पदवीधरांचे गणित तर याहून सोपे आहे. परदेशातून शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला पदवीनंतर ओपीटी या परवानगीवर, विद्यार्थी व्हिसावरच राहून, १२ महिने काम करता येते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला २००८ मध्ये त्यावर १७ महिन्यांची वाढ मिळाली आणि २०१६ मध्ये ती २४ महिन्यांची झाली. म्हणजे एकूण तीन वर्षे. या काळात प्रचलित वेतनाच्या त्या चार पायऱ्या लागू नाहीत. शिवाय विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला पहिली पाच कॅलेंडर वर्षे साधारणपणे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर नसतो, त्यामुळे कंपनीचा ७.६५ टक्क्यांचा वाटाही वाचतो. एक लाख डॉलर पगारावर हे वर्षाला ७,६५० डॉलर होतात. तेवढ्यासाठी कुणी माणूस निवडत नाही हे मान्य. पण तराजू आधीच एका बाजूला झुकलेला असताना हे वजनही त्याच पारड्यात पडते.

आता बांधलेपणाबद्दल, कारण पगारापेक्षा हा धागा मला अधिक महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल फार कमी लिहिले जाते. २००२ मध्ये माझे लेबर फाइल झाले, म्हणजे ग्रीनकार्डासाठी, कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी, कंपनीने करायचा पहिला अर्ज दाखल झाला. त्यानंतर २००७ च्या जुलैपर्यंत, म्हणजे एकाएकी सगळ्यांच्या तारखा करंट झाल्या, रांगेतल्या सगळ्यांना शेवटचा अर्ज करता येऊ लागला, त्या महिन्यापर्यंत, मी नोकरी बदलण्याचा विचारसुद्धा केला नाही, कारण बदलली की लेबर पुन्हा पहिल्यापासून. प्रत्यक्ष ग्रीनकार्ड हातात पडायला २०१० उजाडले. त्या वर्षांत मी पगारवाढ मागितली नाही, रात्री-अपरात्री बिघाडासाठी वाजणाऱ्या पेजरला नाही म्हटले नाही, आणि साहेबाचा निर्णय चुकतो आहे हे दिसत असताना बैठकीत गप्प बसले. मला कुणी धमकावले नव्हते. तशी गरजच नव्हती. आज भारतातून येणाऱ्या मुलांची स्थिती याहून कठीण आहे: नोकरीच्या आधारावरची ग्रीनकार्डे वर्षाला सुमारे १,४०,०००, कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, आणि रांगेत भारतीय दहा लाखांहून अधिक. नोकरी गेली तर देशात राहण्यासाठी मुदत जास्तीत जास्त ६० दिवस. ज्याच्या डोक्यावर हे ६० दिवस टांगलेले आहेत, तो शुक्रवारी संध्याकाळी घरी जायचे आहे असे म्हणत नाही. पन्नाशीची, नागरिक असलेली बाई म्हणते. व्यवस्थापकाला या दोघांतला कोण सोयीचा वाटेल, हे सांगायला नको.

या व्यवस्थेतला माझा स्वतःचा हातही इथे लिहिला पाहिजे. २०१८ मध्ये मी मॅनेजर होते आणि माझ्या टीममधल्या एका मुलाचे पर्म सुरू झाले होते. पर्म म्हणजे ग्रीनकार्डाची पहिली पायरी: या जागेसाठी पात्र आणि इच्छुक अमेरिकन कामगार मिळत नाही हे कंपनीने बाजार चाचपून दाखवायचे. त्यासाठी दोन रविवारी छापील वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. ज्या कंपनीत स्टेपलरचीसुद्धा मागणी ॲपवरून होते, तिथे इंजिनिअरच्या जागेची जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येते. नऊ अर्ज आले. आठ जण खरोखरच बसत नव्हते. नवव्या माणसाने १९८६ मध्ये पदवी घेतली होती, फाइल सिस्टिमवर आयुष्य घालवले होते, आणि जाहिरातीतली प्रत्येक अट तो पूर्ण करत होता. मी त्याच्याशी फोनवर ४० मिनिटे बोलले. त्याच्या उत्तरांत नेमकेपणा होता. जे माहीत नव्हते ते माहीत नाही असे तो स्वच्छ सांगत होता. शेवटी त्याने विचारले, "जागा कधीपासून भरायची आहे?"

जागा रिकामी नव्हतीच. तिच्यावर तो मुलगा चार वर्षांपासून बसलेला होता, माझ्यापासून दोन टेबले पलीकडे.

एचआरकडून आलेल्या फॉर्मवर अर्ज नाकारण्याचे कामाशी संबंधित कारण लिहायचे होते. मी 'पात्र' असे लिहिले. त्यामुळे ती फाइल थांबली. त्या माणसाला नोकरी मिळाली नाही, कारण पर्ममध्ये पात्र उमेदवार सापडला तर अर्ज पुढे नेता येत नाही, एवढेच. त्याला नोकरी द्यावी असे कायदा म्हणत नाही. त्याला एक सभ्य पत्र गेले. आणि आमच्या मुलाची वेळ टळली: एच-वन-बीची सहा वर्षांची मुदत संपण्याआधी पूर्ण वर्षभर अर्ज दाखल व्हावा लागतो, नाहीतर त्या आधारावर मुदतवाढ मिळत नाही, आणि पुन्हा जाहिरात देईपर्यंत ती तारीख निघून गेली. तो बायकोसह कंपनीच्या कॅनडातल्या कार्यालयात गेला. जाताना त्याने मला बोल लावला नाही. लावला असता तरी मी ऐकून घेतला असता. मी खरे लिहिले याचा मला पश्चात्ताप नाही, पण त्या खऱ्याचा दोघांपैकी कुणालाही उपयोग झाला नाही, आणि हे मला अजून छळते.

हा प्रकार आमच्याच कंपनीपुरता नव्हता. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेच्या न्याय खात्याने फेसबुकवर दावा लावला की २,६०० हून अधिक जागा कंपनीने व्हिसाधारकांसाठी राखून ठेवल्या, त्यांची जाहिरात स्वतःच्या संकेतस्थळावर दिली नाही आणि अर्ज टपालाने मागवले. २०२१ मध्ये ४७.५ लाख डॉलर दंड आणि नुकसानभरपाईसाठी ९५ लाख डॉलरपर्यंत रक्कम, अशी तडजोड झाली. २०२३ मध्ये ॲपलने अशाच आरोपांवरून अडीच कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. आयबीएमच्या बाबतीत प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेने २०१८ मध्ये अंदाज मांडला की पाच वर्षांत चाळिशीपुढच्या सुमारे २०,००० अमेरिकन कर्मचाऱ्यांना कमी केले गेले. कंपनीने वयभेद नाकारला, पण २०२२ मध्ये न्यायालयात खुल्या झालेल्या कागदांत वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात वयस्क कर्मचाऱ्यांसाठी 'डायनोबेबीज', म्हणजे डायनोसॉरची पिल्ले, असा शब्द आढळला. २०१४–१५ मध्ये डिस्नेच्या ऑर्लँडोतल्या सुमारे २५० जणांची नोकरी गेली आणि त्यांतल्या अनेकांना जाण्याआधी त्यांच्या जागी येणाऱ्या कंत्राटी व्हिसाधारकांना काम शिकवावे लागले. त्यांतल्या काहींनी लावलेले दावे २०१६ मध्ये न्यायालयाने फेटाळले. व्हिसावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असलेल्या कंपन्यांनी अमेरिकन कामगाराला विस्थापित करू नये अशी अट कायद्यात आहे खरी. पण व्हिसाधारकाला वर्षाला ६०,००० डॉलर किंवा अधिक पगार दिला, किंवा त्याच्याकडे संबंधित विषयातली मास्टर्स पदवी असली, की ती अट लागू होत नाही. हा ६०,००० चा आकडा १९९८ मध्ये ठरला आणि अजून तसाच आहे.

आता 'शिकत राहिला नाहीत' या आरोपाकडे येते. तो सरसकट खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पंधरा वर्षे एकाच जुन्या प्रणालीला चिकटून राहिलेले लोक मी पाहिले आहेत. पण अनुभव म्हणजे माहीत असलेल्या साधनांची यादी अशी कल्पना करून जो मोजायला बसतो, त्याला अनुभव दिसणारच नाही.

३० जून २०१२, शनिवार. संध्याकाळचे पाच वाजून गेले होते आणि आमच्या शेकडो सर्व्हरचे प्रोसेसर अचानक शंभर टक्क्यांवर जाऊन तिथेच अडकले. कुणी आदल्या दिवशीचा बदल मागे घेत होते, कुणी डेटाबेसकडे बोट दाखवत होते, कुणी हल्ला झाला आहे असे म्हणत होते. आमचा एक सहकारी तेव्हा ५७ वर्षांचा होता. तो फोनवर आला आणि त्याने एकच प्रश्न विचारला: "सुरुवात नक्की किती वाजता झाली?" आलेखावरची रेघ बरोबर पाच वाजता उभी चढली होती. कॅलिफोर्नियातले पाच म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र, आणि त्या मध्यरात्री जगाच्या घड्याळात एक जास्तीचा सेकंद घातला गेला होता. सर्व्हर ज्यावर चालत होते त्या लिनक्स प्रणालीच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, टायमर त्या सेकंदाने गोंधळला होता. सर्व्हरचे घड्याळ जी वेळ दाखवते आहे तीच वेळ त्याला पुन्हा लावून द्यायची, एवढाच उपाय होता. वीस मिनिटांत सगळे शांत झाले. २००८ च्या ३१ डिसेंबरला असाच सेकंद घातला गेला तेव्हाही काही यंत्रे बंद पडली होती आणि त्याने तेव्हा स्वतःसाठी टिपण करून ठेवले होते. हे ज्ञान कोणत्या रेझ्युमेच्या कोणत्या ओळीत लिहिणार? २०१६ च्या कपातीत तो गेला. त्याच्या पगारात दोन नवे पदवीधर बसले, आणि ती दोन्ही मुले हुशार होती, हेही नोंदवते.

माझ्या नंतरच्या १४ महिन्यांच्या शोधाबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी तो केला आहे त्यांना ठाऊक आहे. मुलाखत घेणारा मुलगा अठ्ठावीसचा, प्रश्न कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाचा, वेळ ४५ मिनिटे, आणि नकाराच्या पत्रात एकदा 'टीमच्या ऊर्जेशी मेळ' असा शब्दप्रयोग. वयाचा कायदा बाहेरच्या उमेदवाराला कितपत उपयोगी पडतो, हाही प्रश्नच आहे: २०१६ मध्ये अकराव्या आणि २०१९ मध्ये सातव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांच्या गटासाठी असलेल्या, संघीय अपील न्यायालयाने ठरवले की वरकरणी तटस्थ अटीचा फटका वयस्कांना जास्त बसतो, एवढ्यावरून नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याला या कायद्याखाली दाद मागता येत नाही, तो हक्क आधीपासून नोकरीत असलेल्यांचा. 'जास्तीत जास्त सात वर्षांचा अनुभव' अशी जाहिरात त्यामुळे त्या राज्यांत देणाऱ्याला या कायद्याची फारशी भीती उरत नाही. सध्या मी एका सरकारी रुग्णालयाच्या संगणक विभागात आहे, पूर्वीच्या निम्म्याहून थोड्या अधिक पगारावर. काम चांगले आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले तेव्हा माझ्या परिचयातल्या काही वयस्क इंजिनिअरांना आनंद झाला. मला झाला नाही. ऑक्टोबरमध्ये आलेल्या खुलाशानुसार, अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-वन-बीवर जाणाऱ्यांना ते शुल्क नाही. म्हणजे परदेशातला पंधरा वर्षांचा अनुभवी माणूस एक लाखाने महागला, आणि इथल्या कॅम्पसवरून बाहेर पडणारा बावीस-चोवीस वर्षांचा पदवीधर पूर्वीइतकाच स्वस्त राहिला. वयाकडे पाहिले तर तराजू आणखी झुकला. त्याच सप्टेंबरात, एच-वन-बी कुणाला हे ज्या सोडतीने ठरते तिच्यात वरच्या वेतनपायरीच्या अर्जाला जास्त चिठ्ठ्या देण्याचा प्रस्ताव आला. त्याची दिशा मला बरोबर वाटते, कारण तो निदान मुळाशी, म्हणजे पगाराच्या पायरीशी, हात घालतो. पण बांधलेपणाला त्यातले काहीच शिवत नाही. व्हिसा कंपनीच्या नावावर न राहता माणसाच्या नावावर राहिला आणि नोकरी बदलताना ग्रीनकार्डाची प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून करावी लागली नाही, तर त्या मुलालाही नाही म्हणता येईल, आणि मग त्याच्या आणि माझ्या किमतीत आज जो फरक आहे त्याचा मोठा भाग गळून पडेल.

आणखी एक मागणी आहे, ती मी लोकप्रतिनिधींना पत्राने कळवलीही आहे. काढताना वयाची यादी द्यावी लागते. भरताना द्यावी लागत नाही. कपातीनंतर वर्षभर त्याच विभागात कोणत्या हुद्द्यावर, कोणत्या वयाची, किती माणसे घेतली, हे काढलेल्यांना कळवण्याचे बंधन घाला. नावे नकोत, व्हिसा कोणता तेही नको. ही माहिती कंपनीकडे तयार असते. तिचे फार तर एक पान होईल. माझ्या त्या दोन पानांवर पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत. एप्रिल २०२३ मध्ये, म्हणजे माझी सही झाल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, आमच्याच विभागाच्या नावाने कंपनीच्या संकेतस्थळावर सहा जागांची जाहिरात आली. सहाही जागांपुढे 'नवे पदवीधर' असे लिहिलेले होते.